खर्चाला नाव आहे, मग कराला का नाही?

महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाचा विषय निघाला की दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. एक म्हणते, लाडक्या बहिणीनं तिजोरी रिकामी केली, हे फुकट वाटणं थांबवा. दुसरी म्हणते, गरीब बाईच्या खात्यात महिन्याला पंधराशे रुपये पडले तर तुमच्या पोटात का दुखतं? २०२४ च्या जूनपासून हा वाद याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे. माझ्या मते दोन्ही फळ्या चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. राज्यानं खर्च करावा की करू नये, हा प्रश्न नाहीच. महाराष्ट्रानं आज करतो त्याहून जास्त खर्च करायला हवा, निदान आरोग्यावर तरी नक्कीच. खरा प्रश्न वेगळा आहे: कायमचा खर्च अंगावर घेताना तो कोणाच्या पैशातून भागणार, हे सरकार त्याच दिवशी, त्याच सभागृहात सांगतं का? सांगत नाही. आणि दोन्ही फळ्यांतलं कोणी ते विचारतही नाही.

२८ जून २०२४ रोजी अजित पवार यांनी २०२४-२५ चा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला. त्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची घोषणा होती आणि वर्षाला ४६,००० कोटींचा खर्च त्यांनी भाषणातच सांगितला. पुढे दोन आठवडेही उलटले नाहीत तोच, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. ६ लाख १२ हजार कोटींच्या अर्थसंकल्पावर पंधरा टक्क्यांहून जास्त भर! लाडक्या बहिणीसाठीचे २५,००० कोटी या पुरवणीतच होते. पुरवणी मागण्यांचा निव्वळ भार दाखवलेल्या आकड्यापेक्षा कमी असतो, त्यातल्या बऱ्याच रकमा केंद्राकडून येणाऱ्या किंवा केवळ हिशेबी असतात, असं सरकार सांगतं आणि ते खरं आहे. पण राज्याच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या योजनांपैकी एकीचे पैसे मूळ अर्थसंकल्पात नव्हे तर पुरवणीत यावेत, हे कशाचं लक्षण आहे? संविधानानं पुरवणी मागण्यांची सोय ठेवली ती अर्थसंकल्प मांडताना न दिसलेल्या गरजांसाठी. ही गरज तर स्वतः अर्थमंत्र्यांनीच जाहीर केली होती.

पुढच्या वर्षाचे आकडे आणखी बोलके आहेत. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट, चालू जमेपेक्षा जास्तीचा चालू खर्च, ४५,८९१ कोटी. आदल्या वर्षी हीच तूट २०,०५१ कोटी अंदाजली होती. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची एकूण तूट, १,३६,२३५ कोटी. याचा साधा अर्थ असा की वर्षभरात राज्य जे कर्ज काढणार, त्यातला सुमारे तिसरा हिस्सा धरण, रस्ता, इस्पितळ यांपैकी काहीही बांधण्यासाठी नसून चालू खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी आहे. याच अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीची तरतूद ४६,००० कोटींवरून ३६,००० कोटींवर आली. योजनेत बदल जाहीर झाला नव्हता. वर्षाला १८,००० रुपये हप्त्याच्या हिशेबानं ३६,००० कोटी बरोबर दोन कोटी बायकांना पुरतात. लाभ घेणाऱ्या मात्र त्याहून कितीतरी जास्त होत्या. पुढे २०२५ च्या जूनपासून २६ लाख ३४ हजार लाभार्थींचे हप्ते थांबले, १४ हजारांहून अधिक पुरुषांनी लाभ घेतल्याचं उघड झालं, ई-केवायसी आली. छाननी व्हायलाच हवी होती, ती आधीच व्हायला हवी होती. पण कागदपत्रं तपासली जाण्यापूर्वीच किती बायका उरायला हव्यात ते तरतुदीच्या आकड्यात बसलेलं होतं. ज्या खर्चामागं उत्पन्नाचा आधार नसतो, त्याचं असंच होतं. वाटताना हात सैल सुटतो आणि मग आकडा जुळवण्यासाठी माणसं कमी करावी लागतात.

कर लावला नाही म्हणून पैसे कोणी दिलेच नाहीत, असं मात्र होत नसतं. कोणीतरी देतंच, फक्त त्याला विचारलेलं नसतं. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी लाडक्या बहिणीच्या एका हप्त्यासाठी वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच त्याला जाहीर हरकत घेतली होती. अनुसूचित जाती-जमातींतल्या बायकांनाच तो पैसा मिळतो, असा युक्तिवाद झाला. पण वसतिगृह, शिष्यवृत्ती, आश्रमशाळा यांसाठीचा पैसा आणि सर्वांसाठीच्या योजनेचा हप्ता यांची अदलाबदल करायची असेल, तर या समाजांसाठी अर्थसंकल्पात राखून ठेवलेला हिस्सा, म्हणजे स्वतंत्र उपयोजना, ठेवायचीच कशाला? शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या पोरानं या योजनेची वर्गणी भरली. बिल थकलेल्या छोट्या कंत्राटदारानं भरली. नळपाण्याच्या जलजीवन योजनेची कामं करून बसलेल्यांची आंदोलनं राज्यानं पाहिली आहेत. मार्चअखेरीला वित्त विभागाची कात्री ज्या ज्या खात्यावर चालली, त्या खात्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसानं भरली. उघड कर लावला असता तर तो ऐपत असलेल्यावर बसवता आला असता. हा छुपा कर बसतो तो ज्याचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचत नाही त्याच्यावर.

आता सरकारच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. २०२५-२६ अखेर राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार हे ऐकून छाती दडपली, पण ते स्थूल राज्य उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या, एकोणीस टक्क्यांच्या आतबाहेर होतं. पंजाबशी तुलना केली तर महाराष्ट्र कितीतरी सुस्थितीत आहे. राजकोषीय तूटही तीन टक्क्यांच्या आत होती; राजकोषीय उत्तरदायित्वाच्या नियमांनी या तुटीला घातलेली मर्यादा ओलांडलेली नव्हती. हे सगळं खरं आहे आणि ‘राज्य दिवाळखोरीत निघालं’ अशी ओरड करणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं. पण टक्केवारीचा छेद कशाचा आहे तेही पाहायला हवं. स्थूल राज्य उत्पन्नात मुंबईतल्या बँका आहेत, कंपन्यांचे नफे आहेत, पुण्यातल्या आयटी कंपन्यांचे पगार आहेत. या उत्पन्नावरचा प्राप्तिकर आणि कंपनी कर केंद्र गोळा करतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यानंतर तर स्वतःच्या बळावर दर बदलता येतील असे राज्याचे कर बोटांवर मोजण्याइतके उरले: पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. कर्ज फेडायचं ते राज्याच्या तिजोरीतून, मुंबईच्या समृद्धीतून नव्हे. त्या तिजोरीतला निम्म्याहून जास्त पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातो. हिमाचल प्रदेशात सप्टेंबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार पाच तारखेला आणि पेन्शन दहा तारखेला झाली. महाराष्ट्र तिथं पोहोचलेला नाही, पण त्या वाटेवर टक्केवारीची पाटी आडवी येत नाही एवढंच मला सांगायचं आहे.

केंद्राकडे बोट दाखवणाऱ्यांचंही बरंच बरोबर आहे. पंधराव्या वित्त आयोगानं केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला, पण उपकर आणि अधिभार या वाटणीत येतच नाहीत, त्यामुळे केंद्र जितके उपकर वाढवतं तितका राज्यांचा खरा वाटा आकसतो. त्या आयोगाच्या काळात महाराष्ट्राला त्या वाट्यातले मिळाले जेमतेम ६.३ टक्के. जीएसटीची पाच वर्षांची भरपाई जून २०२२ मध्ये संपली. हे सगळं दिल्लीत ठणकावून मांडलंच पाहिजे. पण ही तक्रार २०२४ च्या जूनमध्येही होती, केंद्राकडून किती मिळणार याचा अंदाजही होता. मिळणार नाही हे माहीत असलेल्या पैशावर वचन दिलं गेलं असेल, तर तो दोष दिल्लीचा कसा?

आता योजनेवर टीका करणाऱ्या फळीकडे वळू. ‘रेवडी’ हा शब्द वापरणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न: ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारींचा टोल माफ झाला, तेव्हा तो शब्द कुठं होता? १ जानेवारी २०२२ पासून मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तेव्हा? सवलत मोटारवाल्याला मिळाली की ती दिलासा, आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईला मिळाली की खैरात, ही विभागणी कोणत्या अर्थशास्त्रात बसते? त्या पंधराशेतून गॅसची टाकी येते, पोराची फी जाते, औषध येतं, आणि तो पैसा गावच्याच बाजारात फिरतो. नवऱ्याकडे हात न पसरता खर्च करता येणं याचं मोल ताळेबंदात मांडता येत नाही, पण ते आहे. मद्रासमध्ये कामराजांनी १९५६ मध्ये शाळेत जेवण सुरू केलं, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ते राज्यभर वाढवलं, तेव्हा ‘लोकानुनय’ म्हणून त्याची हेटाळणी झाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना बंधनकारक केलं. कालची खैरात आज हक्क झालेली आपण पाहिली आहे.

शिवाय या फळीचा एक लाडका सिद्धांत आहे: पगार-अनुदानांसारखा महसुली खर्च वाईट, धरण-रस्त्यांसारखा भांडवली खर्च चांगला. हा सिद्धांत महाराष्ट्राइतका दुसऱ्या कोणत्या राज्यानं खोटा पाडला असेल असं वाटत नाही. दहा वर्षांत सिंचनावर ७० हजार कोटी खर्च होऊनही सिंचनाखालचं क्षेत्र ०.१ टक्काच वाढल्याचं राज्याच्याच २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून निघालं आणि त्यावरून श्वेतपत्रिका काढावी लागली. तो सगळा भांडवली खर्चच होता. त्याआधी, १९९६ मध्ये, कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाच्या मे २००० च्या मुदतीत कृष्णेचं पाणी अडवायचं म्हणून कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, राज्याच्या हमीवर रोखे विकले. हे कर्ज तेव्हा अर्थसंकल्पाबाहेर होतं, पण त्याची परतफेड शेवटी राज्याच्याच तिजोरीवर आली. अलीकडचं उदाहरण म्हणजे पवनार ते पत्रादेवी हा शक्तिपीठ महामार्ग; २०२५ च्या आराखड्यात तो ८०२ किलोमीटरचा आणि ८६,३०० कोटींचा होता. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं भूसंपादन वगैरेसाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली, कर्ज महामंडळाच्या नावावर आणि पाठीशी हमी राज्याची. पंधराशे रुपयांवर लेखामागून लेख लिहिणारे या हमीवर किती लिहितात? इकडे नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ मध्ये २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं होती, आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. परिचारिकेचा पगार आणि औषधांचा साठा हा महसुली खर्च. तो ‘अनुत्पादक’ म्हणून टाळायचा का? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांनी आपल्या खर्चाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर घालावी असं म्हटलं. महाराष्ट्र त्याच्या कितीतरी मागं आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण या वादात हमखास येते. घरासाठी ती शहाणपणाची आहे. पण घराला आपलं अंथरूण स्वतः मोठं करता येत नाही आणि राज्याला, मर्यादेत का होईना, येतं. कर किती आणि कोणावर, हे ठरवणं हेच तर राज्याचं काम. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावरचं आपलं पहिलं भाषण केलं. सरकारनं भरघोस शिल्लक दाखवली होती आणि बाकीचे सभासद अभिनंदन करत होते. गोखले उठले आणि म्हणाले की दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेऊन साठवलेली ही शिल्लक म्हणजे लोकांवरचा अन्याय आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला. जमाखर्च जुळला की अर्थसंकल्प चांगला, हे गोखल्यांनी तेव्हा मानलं नाही आणि आपणही मानू नये. पैसा कोणाकडून घेतला आणि कोणासाठी खर्च केला, हे विचारल्याशिवाय तुटीला दोष देता येत नाही आणि शिलकीचं कौतुकही करता येत नाही.

हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवून दाखवल्याचं उदाहरण शोधायला परदेशात जायची गरज नाही. ते याच राज्यात घडलं आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूर इथं १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडत, पाझर तलाव खणत जगली. दुष्काळ सरला तेव्हा विधिमंडळापुढे प्रश्न होता की ही हमी कायमची करायची का. त्यांनी ‘हो’ म्हटलं, पण त्याच सुमाराला पैशाचीही व्यवस्था लावली. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून घेतलेला हा पैसा दुष्काळी भागातल्या मजुराच्या मजुरीसाठी होता. जोडीला मोटार वाहनांवर जादा कर, ओलिताखालच्या जमिनीवर आकारणी, शहरांतल्या बिगरनिवासी इमारतींवर कर. जितका कर गोळा होईल तितकीच रक्कम राज्यानं आपल्या खजिन्यातून घालायची. मग १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा एकमतानं संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. यातला क्रम पाहा. आधी कर, मग कायमची हमी. आणि कराची नाळ खर्चाशी इतकी उघड जोडलेली की मुंबईतल्या कारकुनाला पगारपत्रकावरची ती कपात मराठवाड्यातल्या बांधावर जाते हे सांगता येत होतं. केंद्रानं २००५ मध्ये देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे हाच नमुना होता.

या उदाहरणावर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की ठरावीक कर ठरावीक खर्चाला बांधला की वित्त विभागाचे हात बांधले जातात, आणि काम संपलं तरी कर राहतो. व्यवसाय कराचं तेच झालं. हमीवरची कामं कमी झाली, पुढं मजुरीचा मोठा भार केंद्राकडे गेला, तरी कपात चालूच राहिली आणि ती कशासाठी होती हे आज पगारपत्रक पाहणाऱ्या तरुणाला माहीतही नाही. हे मान्य. म्हणून प्रत्येक करावर प्रत्येक योजनेचा शिक्का मारा असं मी म्हणत नाही. कायमच्या आणि मोठ्या वचनाबरोबर पैशाचा मार्ग सभागृहात मांडा आणि दर पाच वर्षांनी दोन्हींचा एकत्र फेरविचार करा, एवढंच म्हणतो. दुसरा आक्षेप राजकीय आहे: कर वाढवून कोण निवडून येतं? पण १९७५ चे सत्ताधारी काही साधुसंत नव्हते, त्यांनाही निवडणुका लढवायच्या होत्या. शिवाय आजही कर वाढतातच, फक्त त्यांचा संबंध कोणी सांगत नाही. १० जून २०२५ ला मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यातून वर्षाला १४,००० कोटी जादा मिळतील असा अंदाज दिला. हा पैसा कशासाठी हे स्पष्ट सांगितलं असतं तर त्यावर चर्चा झाली असती. एखाद्या बाईनं उठून विचारलं असतं की माझ्या नवऱ्याच्या दारूतून माझा हप्ता निघणार असेल, तर सरकारला दारू कमी व्हायला हवी आहे की जास्त?

वचनांचा पुढचा टप्पा तर समोरच उभा आहे. २०२४ च्या निवडणुकीत पंधराशेचे २१०० करण्याचं आश्वासन दिलं गेलं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ते नव्हतं. सव्वादोन कोटी बायका धरल्या तर वरच्या सहाशे रुपयांचे वर्षाला १६,२०० कोटी होतात. दारूवरची सगळी वाढीव वसुली ओतली तरी ते भागत नाहीत. शेतीपंपांच्या मोफत विजेचे वर्षाला सुमारे १४,७६० कोटी वेगळेच. हे करायचं असेल तर करावं, माझा विरोध नाही. पण अर्थमंत्र्यांनी उभं राहून सांगावं की हे १६,२०० कोटी मुद्रांक शुल्कातून येतील की वाहन करातून, की एखादा महामार्ग पाच वर्षं पुढं ढकलून. विरोधकांनीही ‘२१०० कधी देणार?’ एवढंच विचारून बसू नये, आपल्या पर्यायातला पैसा कुठून येईल ते मांडावं. त्यांच्या जाहीरनाम्यात तर महिन्याला तीन हजारांचं वचन होतं.

आणि माझ्यासारख्या पगारदारांनी गप्प बसू नये. संविधानाच्या कलम २७६ नं व्यवसाय कराला घातलेली मर्यादा १९८८ मध्ये २५० वरून २,५०० रुपये झाली, आणि तेव्हापासून ती वर्षाला २,५०० वरच आहे. महिन्याला दहा हजारांहून थोडं जास्त मिळवणारा वॉचमन दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये भरतो, आणि महिन्याला पाच लाख मिळवणाराही तेवढेच भरतो. ही मर्यादा वाढवून कर पगाराच्या प्रमाणात करावा, असा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळानं करून संसदेकडे पाठवावा. तो कर कशासाठी, हे १९७५ सारखं स्पष्ट सांगावं: लाडक्या बहिणीसाठी, नांदेडसारख्या रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी, आश्रमशाळांसाठी. माझ्या पगारातून महिन्याला हजार रुपये जास्त गेले तरी मी ते देईन, मात्र त्या ओळीपुढं ते कुठं गेले हे लिहिलेलं असलं पाहिजे.